यशाचा हिशोब



मी आता महाविद्यालयात शिकवतो. बारामती-इंदापूरची आपली कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयं १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाशी, म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. निकाल लागला की टक्केवारीचा फलक झळकतो. पण ती टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची असते. समजा, पहिल्या वर्षाला ६० मुलं आली, तिसऱ्या वर्षी ४० परीक्षेला बसली, ३६ पास झाली. निकाल ९० टक्के! प्रवेश घेतलेल्यांत मोजलं, तर ६०च.

मधेच गळालेल्या २० जणांचं काय? कुणाचं लग्न झालं, कुणी एमआयडीसीत कामाला लागलं, कुणाला एसटी परवडेना.

‘नॅक’च्या सात निकषांच्या पद्धतीत पाचवा निकष विद्यार्थ्यांच्या वाटचालीचा होता, त्यात माजी विद्यार्थ्यांचा सहभागही मोजला जायचा. पण आपले गुरुजी त्याआधीपासून गैरहजर मुलाच्या घरी जाऊन चौकशी करायचे. तेही मोजमापच होतं.

म्हणून एक विनंती. आपल्या बॅचच्या यादीत शाळा मधेच सुटलेल्यांचीही नावं घाला, आणि त्यांचा ठावठिकाणा शोधा.