वेग कामाचा, हुद्द्याचा नव्हे
(भातसानगर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आजच्या विषयावर चहाच्या टपरीवर सगळेच बोलतात, व्यासपीठावर मात्र सहसा कुणी बोलत नाही. पोलिसांची गाडी रस्त्यावरून सुसाट जाते. कधी सायरन असतो, कधी नसतो. कधी आत साहेब असतात, कधी नुसताच चालक. ती गेली की मागे राहिलेल्या माणसांच्या तोंडून काहीतरी निघतं. मला त्या गाडीबद्दल बोलायचं आहे आणि त्या बोलण्याबद्दलही.

आपल्या शहापूर तालुक्यात आसनगावच्या फाटकापासून कसाऱ्यापर्यंत कुठेही उभे राहा, तीन वाक्यं ऐकू येतील. पहिलं : "त्यांना कोण अडवणार?" दुसरं : "असेल काही अर्जंट, कुठे अपघात झाला असेल." आणि तिसरं, जरा हळू आवाजात : "आपलाही एक साडू खात्यात आहे." पहिल्या वाक्यात राग आहे, दुसऱ्यात विश्वास आहे, तिसऱ्यात हाव आहे. या तिन्हींचा हिशेब लागल्याशिवाय पोलिसांच्या वेगाचा प्रश्न सुटणार नाही.

आधी दुसऱ्या वाक्याकडे जाऊ, कारण त्यात तथ्य आहे. पोलिसांना वेग लागतो. ११२ क्रमांकावर फोन आला, डोळखांबच्या पलीकडे एखाद्या पाड्यावर मारामारी सुरू आहे, किंवा कसारा घाटात ट्रक उलटलाय आणि चालक केबिनमध्ये अडकलाय. अशा वेळी गाडी ताशी चाळीसने यावी असं आपल्यापैकी कुणीही म्हणणार नाही. कायदाही म्हणत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याखाली केंद्र सरकारने २०१७ साली वाहन चालवण्याची नियमावली काढली. अग्निशमन दल, रुग्णवाहिका आणि पोलीस यांच्या गाड्यांना तातडीच्या कामावर असताना लाल सिग्नल ओलांडण्याची आणि वेगमर्यादा ओलांडण्याची मुभा त्यात आहे. पण तिला अटी आहेत. काम खरोखर तातडीचं हवं. सायरन आणि दिवा सुरू हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ही मुभा चालकाने स्वतःच्या जबाबदारीवर, पुरेशी काळजी घेऊन वापरायची आहे.

म्हणजे मुभा गाडीच्या रंगाला नाही, आत बसलेल्याच्या खांद्यावरच्या ताऱ्यांनाही नाही. ती त्या वेळच्या कामाला आहे. काम संपलं की मुभा संपली. बैठकीला उशीर होतोय, साहेबांना घरी सोडायचंय, गाडी पेट्रोल पंपावर न्यायचीय, ही तातडीची कामं होत नाहीत. तेव्हा पोलिसांच्या गाडीला तीच मर्यादा लागू आहे जी तुमच्या इको गाडीला आहे.

"त्यांना कोण अडवणार?" या पहिल्या वाक्यालाही कायद्यात उत्तर आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात २१० ब हे कलम आलं. ज्यांच्या हाती या कायद्याची अंमलबजावणी आहे, त्यांनीच या कायद्याखालचा गुन्हा केला तर त्यांना दुप्पट दंड. हलक्या वाहनाला वेग मोडल्याबद्दल हजार ते दोन हजार दंड असेल, तर पोलिसाला त्याच्या दुप्पट. ही दुरुस्ती आली तेव्हा दंड फार झाले म्हणून आपल्या राज्याने वाढीव दर लावायचं थांबवलं होतं. ते लागू झाले डिसेंबर २०२१ मध्ये. दंड वाढल्याची चर्चा घराघरात झाली. दुपटीच्या कलमाची चर्चा मी तरी फारशी ऐकली नाही. कायदा करणाऱ्यांना जे कळलं होतं ते साधं आहे : नियम राखणाऱ्याने नियम मोडला तर नुकसान दोनदा होतं. एकदा रस्त्यावर, एकदा लोकांच्या मनात.

रस्त्यावरचं नुकसान आधी पाहू. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. समोर जनावर आलेलं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. मग ब्रेक लागून गाडी थांबायला, रस्ता कोरडा आणि ब्रेक उत्तम असले तर, आणखी पस्तीसेक मीटर. म्हणजे सगळे मिळून साठ मीटरच्या आत. आता वेग १२० करा. वेग दीडपट झाला, पण थांबायला लागणारं अंतर ११० मीटरच्या पुढे गेलं. जवळजवळ दुप्पट. मिळालं काय? वीस किलोमीटरला ८० च्या वेगाने पंधरा मिनिटं लागतात, १२० ने दहा. पाच मिनिटं वाचली. कुणाचा जीव जात असेल तर ती पाच मिनिटं अमोल आहेत. बैठकीचा चहा गार होऊ नये म्हणून असतील, तर ती दुसऱ्याच्या जिवाच्या जोरावर घेतलेली आहेत.

दुसऱ्याच्या म्हणजे कुणाच्या? आपल्या भागात रस्ता फक्त गाड्यांचा नाही. आश्रमशाळेतली पोरं कडेने चालतात. मोळी घेऊन बाया येतात. पावसाळ्यात साईडपट्टी चिखलात जाते आणि माणूस डांबरावर येतो. शहरातला माणूस सायरन ऐकून फूटपाथवर चढतो, इथे फूटपाथच नाही. देशात २०२२ साली रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातले सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या नावावर नोंदले आहेत. महाराष्ट्रातली त्या वर्षीची संख्या १५ हजार २२४. आणि वेगाने मरणाऱ्यांत पोलीसही असतात, त्यांच्याही घरी वाट पाहणारं कुणी असतं.

आता मनातलं नुकसान. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी शिकागोतल्या नागरिकांचा अभ्यास करून १९९० साली एक पुस्तक लिहिलं. माणसं कायदा का पाळतात, हा त्याचा विषय. शिक्षेच्या भीतीने पाळतात असं आपल्याला वाटतं. टायलर यांना आढळलं की कायदा राबवणारा न्यायाने वागवतो असं वाटलं, तर माणसं कायदा अधिक मनापासून पाळतात. शिकागो लांब आहे, पण हे पटायला लांब जावं लागत नाही. हेल्मेट नाही म्हणून ज्या पोराची दुचाकी अडवली, त्याच्या समोरून बिनहेल्मेटचा हवालदार गेला, तर ते पोर दंड भरेल, पण हेल्मेट घालायला शिकणार नाही. चौकी कुठे आहे आणि तिला वळसा कसा घालायचा, एवढंच शिकेल.

पोलिसांच्या वेगाचा सगळ्यात चोख हिशेब अमेरिकेतल्याच फ्लोरिडा राज्यात झाला. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथल्या महामार्ग पोलिसांतल्या डोना वॉट्स या महिलेने एक गाडी पाठलाग करून अडवली. गाडी ताशी १२० मैलांनी, म्हणजे १९० किलोमीटरहून अधिक वेगाने चालली होती. आत गणवेशातला मायामीचा पोलीस होता, फॉस्टो लोपेझ. तो कुणाला वाचवायला निघाला नव्हता, ड्युटीबाहेरच्या जोडकामाला निघाला होता. सन सेंटिनल या वृत्तपत्राच्या वार्ताहरांनी मग एक युक्ती केली. पोलिसांच्या गाड्यांच्या टोलच्या नोंदी मागवल्या. गाडी एका नाक्यावरून किती वाजता गेली, पुढच्या नाक्यावर किती वाजता पोचली आणि मधलं अंतर किती, एवढ्यावर वेग काढता येतो. रडार नको, साक्षीदार नको. आठशेच्या आसपास पोलीस ताशी ९० ते १३० मैलांनी गाड्या हाकत असल्याचं निघालं, आणि बरेचसे कामावर नसताना. २०१३ चं पुलित्झर पारितोषिक या कामाला मिळालं. लोपेझची नोकरी गेली. पुढे त्याच पद्धतीने मोजलं तेव्हा पोलिसांचा अतिवेग ८४ टक्क्यांनी घटला होता.

आणि वॉट्सबाईंचं काय झालं? वेगवेगळ्या पोलीस खात्यांतल्या ऐंशीहून अधिक पोलिसांनी सरकारी संगणकावर त्यांची खासगी माहिती उघडून पाहिली. धमक्या आल्या. त्यांना कोर्टात जावं लागलं. आपल्यातल्याला अडवणाऱ्याला खातं सहजी माफ करत नाही. तिकडेही नाही, इकडेही नाही.

ही गोष्ट सांगण्याचं कारण आपल्या दारात आहे. नाशिक महामार्गावर पडघ्याजवळ टोलनाका आहे, घाट चढून गेल्यावर घोटीला आहे. शहापूर तालुका या दोन नाक्यांच्या मध्ये बसलाय. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला, तोही आपल्या तालुक्यातून जातो. तिथे गाडी कुठून चढली आणि कुठे उतरली यावरच टोल ठरतो. शिवाय ११२ च्या गाड्यांवर जीपीएस आहे, कारण फोन आल्यावर सगळ्यात जवळची गाडी कुठली ते नियंत्रण कक्षाला दिसावं लागतं. म्हणजे कुठली पोलीस गाडी कुठे, किती वाजता होती हे मोजण्याची साधनं आधीच बसवलेली आहेत. त्या वेळी ती कुठल्या कामावर होती, हे लॉगबुकात लिहिलेलं असतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचायचं, एवढंच बाकी आहे.

आता पोलिसांची बाजू. गाडी हाकणारा बहुतेकदा शिपाई किंवा हवालदार असतो. मागे बसलेला साहेब "दाब" म्हणाला की त्याला दाबावं लागतं. मंत्र्यांचा ताफा नाशिकला किंवा शिर्डीला निघाला की पुढच्या पायलट गाडीचा वेग तो ठरवत नाही, ताफ्याचं घड्याळ ठरवतं. ड्युटी बारा तासांवर गेलेली असते. दंड दुप्पट केला आणि तो या चालकाच्या पगारातून कापला, तर न्याय झाला असं मी म्हणणार नाही. वेगाचा हुकूम देणाऱ्याचं नाव लॉगबुकात आलं पाहिजे.

नियमाच्या बाजूने उभा राहणारा पोलीसही आपण पाहिलाय. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत खारला वाहतूक हवालदार विलास शिंदे यांनी बिनहेल्मेटच्या अल्पवयीन मुलाला अडवलं. त्याने मोठ्या भावाला बोलावून घेतलं. शिंदे यांच्या डोक्यात मारहाण झाली आणि ३१ ऑगस्टला ते गेले. सुसाट गाडी पाहून सगळ्या खात्याला शिव्या देणाऱ्याने हे नाव विसरू नये. त्या गाडीने खात्याची जी अब्रू जाते, तिची किंमत चौकात उभा असलेला असा हवालदारच मोजतो. तो अडवतो तेव्हा समोरचा त्याच्याकडे पाहत नाही, मघाशी गेलेली गाडी आठवतो.

उरलं तिसरं वाक्य, साडूचं. इथे मी तुमच्याशी थोडा कडवट बोलणार आहे. मे २०१७ पासून देशात बड्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे बंद झाले, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या खासगी ऑडीवर दिवा आणि 'महाराष्ट्र शासन' ही पाटी दिसली, थकलेले दंड निघाले, पोलिसांनी गाडी ताब्यात घेतली. राज्यभर संताप झाला आणि तो योग्यच होता. पण आपल्याच गावात काचेमागे 'पोलीस' लिहिलेली पाटी ठेवलेल्या खासगी गाड्या किती आहेत, ते मोजून पाहा. त्यातल्या काहींत पोलीस कधीच बसलेला नसतो. भाचा असतो, मेव्हणा असतो. नाक्यावर अडवलं की आपला हात आधी खिशातल्या लायसन्सकडे जातो की मोबाईलमधल्या ओळखीच्या नंबराकडे? सूट दुसऱ्याला मिळाली की अन्याय आणि आपल्याला मिळाली की ओळख, असं असेल तर आपली तक्रार वेगाबद्दल नाहीच. ती वाटणीबद्दल आहे. आणि वाटणी मागणाऱ्याला हिशेब मागता येत नाही.

मग करायचं काय? नाशिकचा सिंहस्थ कुंभमेळा २०२६-२८ चा आहे. आपल्या रस्त्याने ताफे, बंदोबस्ताच्या गाड्या, रुग्णवाहिका यांची रीघ लागेल, आणि कडेने चालणारी पोरं तीच असतील. म्हणून तीन गोष्टी सुचवतो. एक, ग्रामसभेत ठराव करून ठाणे ग्रामीण पोलीस अधीक्षकांना लिहा : सायरन-दिव्याशिवाय मर्यादेबाहेर गेलेल्या सरकारी गाड्यांचा दर महिन्याचा आकडा जाहीर करावा आणि २१० ब खाली किती दंड झाले तेही सांगावं. उत्तर आलं नाही, तर माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. दोन, तक्रार करायची तर गाडीचा नंबर, ठिकाण आणि वेळ लिहून करा. शिवी देऊन सोडू नका. सायरन वाजत असेल तर आधी बाजूला व्हा, शंका नंतर. तीन, आपल्या गाडीतली खोटी पाटी आजच काढा आणि आपला दंड ओळख न सांगता भरा.

पोलिसांच्या वेगाचा हिशेब मागण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. तो ताठ मानेने मागायचा असेल, तर सुरुवात तिसऱ्या सूचनेपासून करा.