साखर सांभाळणारी न्याहारी

भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. तुमसर असो की लाखांदूर, जेवणात भात असतोच आणि सकाळच्या प्लेटीत पोहे. म्हणजे न्याहारीलाही तांदूळच!

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे 10 कोटी मधुमेही आहेत. टाइप दोनच्या मधुमेहात इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. भात-पोह्यांसारखे नुसते पिष्टमय पदार्थ खाल्ले, की रक्तातली साखर झपाट्याने चढते. सोबत प्रथिनं आणि तंतू असले, की सावकाश.

म्हणून पोहे सोडायचे नाहीत, बदलायचे. पोहे मूठभर, त्यात मोड आलेली मटकी आणि मटार, वर सांभार (कोथिंबीर), लिंबू. तर्री चण्याची, पण तेलाचा तवंग काढून. एखाद्या दिवशी मूगडाळीचं धिरडं आणि जवसाची चटणी, कधी ज्वारीची भाकर आणि पालेभाजी, नाहीतर उकडलेलं अंडं. चहा बिनसाखरेचा, गूळसुद्धा साखर वाढवतोच.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी न्याहारी चुकवू नये, साखर एकदम उतरू शकते. आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात साखरेची मोफत तपासणी करून घ्यावी.