पाटीच्या आधीं

मूल तीन वर्षांचें झालें न झालें तोंच त्याच्या हातीं पाटी देण्याची घाई पुष्कळ सुशिक्षित घरांत दिसून येते. शेजारचें मूल शंभरपर्यंत अंक म्हणतें, मग आपलें कां नाहीं, ही चिंता त्या घाईच्या मुळाशीं असते. परंतु ज्या बोटांना अजून संत्र्याची साल काढतां येत नाहीं, त्यांच्याकडून अक्षर गिरवून घेणें म्हणजे पाया भरण्यापूर्वीं भिंत उभारणें होय. अशा मुलास अक्षर तर येत नाहींच. 'मला येत नाहीं' एवढें मात्र तें लवकर शिकतें.

आपल्याकडील बालशिक्षणाच्या धुरीणांनीं हें केव्हांच ओळखलें होतें. विवाहानंतर कांहीं वर्षें अमरावतीस राहिलेल्या ताराबाई मोडक पुढें भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या कार्यांत सामील झाल्या, आणि १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९४५ सालीं ताराबाईंनीं त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांत, बोर्डी येथें, बालशिक्षणाचें केंद्र काढलें; अनुताई वाघ तेथें त्यांच्या सहकारी झाल्या. खेड्यांत महागडीं साधनें कोठून आणावयाचीं? तेव्हां शिंपले, खडे, बिया, पानें हींच साधनें झालीं. मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत गेली. जें परक्या अंगणांत साधलें, तें स्वतःच्या घरांत कां साधूं नये?

नागपुरांत हिवाळ्यांत घरोघरीं संत्रीं येतात. मुलानें आपल्या हातानें एक संत्रें सोलावें, फोडी मोजाव्या आणि घरांतील चौघांस सारख्या वाटाव्या. भागाकाराचें बीज तेथेंच पडतें. पानें मांडतांना माणशीं एक वाटी ठेवली कीं संख्या कळते. डब्याला त्याचेंच झांकण शोधतांना लहानमोठें कळतें. मटार सोलतांना बोटांत बळ येतें, व तेंच पुढें लेखणी धरतें. तूर आणि हरभरा मिसळून दिले तर निवडतां निवडतां मूल वर्गीकरण शिकतें. मात्र अगदीं लहान मुलें दाणे, चिंचोके, बिया तोंडांत वा नाकांत घालतात. अशा वेळीं वडील माणूस जवळच असावें.

या खेळांत वडिलांचें काम थोडें, पण कठीण आहे. पाणी सांडलें तर रागावूं नये, फडकें द्यावें. चूक लगेच सुधारूं नये. 'आतां काय करायचें?' असें विचारावें, आणि उत्तर येईपर्यंत थांबावें. काम करतां करतां मुलाशीं बोलत राहावें, कारण शब्दांचा सांठा पुस्तकाआधीं संभाषणांतून वाढतो. २०२२ सालच्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेंहि आठ वर्षांपर्यंतच्या शिक्षणांत खेळालाच मध्यवर्ती स्थान दिलें आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं नागपुरांत तान्हा पोळा भरतो. लांकडी नंदी सजवून मुलें घरोघरीं जातात व बोजारा मिळवितात. अलीकडे कित्येक घरीं बक्षिसाच्या ओढीनें वडील मंडळीच नंदी सजवितात, आणि मूल बाजूस उभें राहून पाहतें. नंदी सुंदर होतो, पण रंग कालविणें, दोरा ओंवणें, शिंगांस बेगड चिकटविणें, ह्यांतून मुलाला जें मिळावयाचें तें हरवतें. झूल थोडी वांकडी बसली तरी चालेल. ती मुलानें स्वतः बसविलेली असावी.