फक्त आजचा दिवस

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर सगळं गाव एकमेकांना ओळखतं. अशा गावात समलिंगी किंवा तृतीयपंथी माणूस मनातलं कुणापाशी बोलणार? मग काहींना दारू जवळची वाटते. पण ती एकटेपणा वाढवतेच. यातून बाहेर पडायची एक वाट मात्र आहे.

१९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींनी एकमेकांना सावरलं. त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’, म्हणजे ‘एए’ ही संघटना उभी राहिली. इथे फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही. अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. १९७४ मध्ये एएने समलिंगी सभासदांच्या गटांनाही आपल्या यादीत स्थान दिलं.

एएच्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाची सुरुवात ‘हे माझ्या एकट्याच्या हातात राहिलेलं नाही’ या कबुलीने होते. पुढे आपल्या चुका तपासायच्या, दुखावलेल्यांची भरपाई करायची आणि शेवटी नवख्याला हात द्यायचा. न पिण्याचा निश्चय मात्र फक्त आजच्या दिवसाचा. असे दिवस जोडत वर्षं उभी राहतात, आणि सोबत जिवाभावाची माणसंही.

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक थांबवणं धोक्याचं ठरू शकतं. आधी डॉक्टरांना भेटा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करता येत नाही. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे १४४४६.

आणि घरच्यांनो, तुमचं माणूस बोलू लागलं, तर आधी ऐकून घ्या.