चौक कोणाचा?
(जळकोट येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



छायाचित्रणाचा प्रसार होण्यापूर्वी एखाद्या शहराचे रूप दूरदेशी पोहोचत असे ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांतून. मुंबईच्या कोटातील ‘बॉम्बे ग्रीन’ या पटांगणाचे असे एक चित्र प्रसिद्ध आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर जेम्स फोर्ब्स १७६६ मध्ये मुंबईस आला. त्याच्या रेखाटनांवरून कोरलेली चित्रे १८१३ मध्ये लंडनला त्याच्या ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ या ग्रंथात आली. त्यांतील या चित्रात सेंट थॉमस चर्च व भोवतालची कंपनीची वस्ती ठळक आहे. माणसे लहान आणि निनावी आहेत. सत्ता आपल्याच इमारतींच्या गच्चीवरून चौकाकडे पाहते, याचा हा पुरावा होय.

पुढे याच पटांगणात कापसाच्या गासड्या रचल्या जाऊ लागल्या. १८४४ मध्ये तो बाजार कुलाब्याकडे हलला. कापूस पिकविणारा मात्र कोणत्याच चित्रात आला नाही. जळकोटच्या शेजारचा नळदुर्गचा मुलूखही १८५३ मध्ये, निजामाकडील फौजखर्चाच्या थकबाकीपोटी, कापूसपिकत्या वऱ्हाडासह कंपनीच्या कारभाराखाली गेला. १८६० मध्ये तो निजामाला परत मिळाला. या देवघेवीत रयतेला कोणी विचारले नाही.

अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात पटांगणाला वर्तुळाकार रूप देण्याचे काम सुरू झाले आणि त्यास गव्हर्नर एल्फिन्स्टनचे नाव मिळाले. स्वातंत्र्यानंतर तेथे ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक हॉर्निमन यांचे नाव आले. परकीय सत्तेने १९१९ मध्ये हद्दपार केलेला हा इंग्रज भारतीय जनतेच्या बाजूने उभा राहिला होता.

तेथून जवळच फ्लोरा फाउंटन आहे. १८६४ चे हे कारंजे नगराच्या शोभेसाठी उभारले गेले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी त्याच परिसरात संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. एस. एम. जोशींसारखे समाजवादी नेते ज्या लढ्याच्या अग्रभागी होते, त्या लढ्याने त्या जागेला हुतात्मा चौक केले. चित्रकाराने ज्यांना चौकाचे भरताड मानले, त्यांनीच चौकाला अर्थ दिला.

परंतु नाव बदलल्याने हक्क कायमचा पदरात पडत नाही. आज मुंबईतील मोर्चांना आझाद मैदानातील नेमून दिलेली जागा दाखविली जाते. वाहतुकीची अडचण खोटी नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत आलेल्या शेतकऱ्यांनी, दहावीच्या परीक्षार्थींना त्रास होऊ नये म्हणून, शेवटची मजल रात्रीच मारली आणि ते आझाद मैदानात पोहोचले. नागरिकांची अडचण श्रमिकांना कळते. श्रमिकांची अडचण राज्यकर्त्यांना कळते काय, हाच प्रश्न आहे.

हा प्रश्न मुंबईपुरता नाही. सोलापूर–हैदराबाद रस्त्यावरील जळकोटसारख्या गावातही बाजाराची जागा, ग्रामसभेची जागा आणि सभेची जागा कोणाच्या परवानगीने चालते, हे तपासले पाहिजे. ग्रामसभा बंद खोलीत चार सह्यांवर उरकत असेल, तर ती उघड्यावर, सर्व वस्त्यांतील स्त्री-पुरुषांसमोर भरविण्याचा आग्रह कार्यकर्त्याने धरावा. शेतमजुराला जेथे उभे राहून बोलता येते, तोच चौक लोकांचा. बाकी सारे त्या जुन्या चित्रातले पटांगण.