चार कॅमेरे, एक वाट
(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



आरती घरबसल्या पाहण्याची गरज आपल्याला या शहराने २०२० साली शिकवली. १९ ऑक्टोबर २०२० रोजी कलकत्ता उच्च न्यायालयाने दुर्गापूजेचे मंडप दर्शनार्थींना बंद केले. लहान मंडपाभोवती पाच मीटर आणि मोठ्याभोवती दहा मीटर अंतर ठरले. अनेक पूजा समित्यांनी मग देवीचे दर्शन इंटरनेटवरून घडवले. साथ ओसरली, पण जिना उतरू न शकणारे आजी-आजोबा आणि पुण्या-नागपुरातली, परदेशातली मुले आजही थेट प्रक्षेपणाची वाट पाहतात. नेमक्या आरतीच्या वेळी चित्र थबकले तर त्यांचा विरस होतो. तो का होतो आणि कसा टाळावा, एवढेच आज सांगायचे आहे.

इंटरनेटची जोडणी म्हणजे पाण्याची नळी समजा. नळीतून एका सेकंदाला किती माहिती जाते, तिला बँडविड्थ म्हणतात. आपण जाहिरातीत वाचतो तो आकडा बहुधा घरात येणाऱ्या माहितीचा असतो. प्रक्षेपणाला मात्र बाहेर जाणारा वेग, म्हणजे अपलोड लागतो. मोबाइलच्या जोडणीत तो सहसा बराच कमी असतो. म्हणून आधी अपलोड मोजावा.

आता हिशोब पाहू. एका कॅमेऱ्याच्या स्वच्छ चित्राला सेकंदाला सुमारे ४ मेगाबिट लागतात, म्हणजे तासाला १.८ गिगाबाइट. मूर्ती, गाभारा, रंगमंच आणि प्रवेशद्वार असे चार कॅमेरे सरळ बाहेर पाठवले, तर १६ मेगाबिट हवेत. अपलोड १० असेल तर चारही चित्रे अडखळणार. कॅमेरा चांगला असूनही दोष मात्र त्यालाच दिला जातो.

उपाय साधा आहे. चारही कॅमेरे सभागृहातच तारेने एका स्विचला आणि तिथून एका संगणकाला जोडावेत. आतल्या जाळ्यात जागा भरपूर असते. संगणकावर बसलेला कार्यकर्ता हवे ते चित्र निवडतो आणि बाहेर एकच प्रवाह जातो, ४ मेगाबिटचा. तो प्रक्षेपण सेवेकडे एकदाच पोहोचला की पुढे पन्नास जणांना वाटायचा की पाचशे जणांना, हे काम तिचे. आपल्या नळीवर त्याचा भार पडत नाही. कॅमेऱ्यांवर नुसती नजर ठेवायला त्यांचे छोटे, दुय्यम चित्र पुरते. त्याला अर्धा मेगाबिटही खूप होतो.

आणखी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, अपलोडच्या सत्तर टक्क्यांपेक्षा जास्त वापरू नये. नाचाच्या किंवा फुलांच्या वर्षावाच्या दृश्याला मूर्तीच्या स्थिर चित्रापेक्षा जास्त माहिती लागते, त्यासाठी जागा मोकळी हवी.

दुसरी, प्रक्षेपणाची जोडणी पाहुण्यांच्या वायफायपासून वेगळी ठेवावी. कॅमेऱ्यालाही शक्यतो तारच द्यावी. साधी नेटवर्कची तार शंभर मीटरपर्यंत चालते, आणि हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासासारख्या सभागृहाला ती पुरेल.

तिसरी, मोबाइलचा टॉवर सगळ्यांचा सामायिक असतो. भारतात ४जी सेवा प्रथम सुरू झाली ती आपल्या कोलकात्यात, एप्रिल २०१२ मध्ये. पण गर्दीतला प्रत्येक जण फोनवरून चित्रे पाठवू लागला की कुठलाही टॉवर दमतो. दुपारी रिकाम्या सभागृहात घेतलेली चाचणी म्हणूनच फसवी असते. ती आदल्या दिवशी आरतीच्या वेळी, गर्दीतच घ्यावी.

चौथी, वाट अरुंद झाली तर चित्राचा दर्जा उतरवावा, आवाज तोडू नये. आवाजाला सेकंदाला जेमतेम ०.१३ मेगाबिट लागतो. चित्र थोडे धूसर झाले तर आजी चालवून घेतील, पण टाळ-घंटांचा नाद मध्येच तुटला तर आरतीच तुटते.

यासाठी फार मोठा खर्च नाही. एक स्विच, काही तारा, एक बरा संगणक आणि जबाबदारी घेणारा एक तरुण एवढे पुरते. वर्गणीतून पाचवा कॅमेरा घेण्याआधी या गोष्टींचा विचार व्हावा, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.

गणपती बाप्पा मोरया!