दवाखान्यानंतरचा खर्च

अबू धाबीपासून रास अल खैमापर्यंतच्या गावांतून सुट्टी मोडून आलेल्या बंधू-भगिनींनो,

स्वागताध्यक्षाने शाल-श्रीफळ देऊन बाजूला व्हावे, असा रिवाज आहे. तो थोडा मोडतो.

उपचारांच्या विम्याबाबत आपण नशीबवान. नोकरदाराचा आरोग्य विमा काढणे मालकांना अबू धाबीत २००६ पासून, दुबईत २०१३च्या कायद्याने आणि २०२५ पासून उत्तरेकडच्या अमिरातींतही बंधनकारक झाले. पण तिकडे सांगलीला, रत्नागिरीला अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची कूस बदलणाऱ्या, त्यांना भरवणाऱ्या माणसाचा पगार यात कुठेच बसत नाही. मेडिक्लेम घरी सोडल्यावर काही दिवस औषधपाणी बघतो आणि हात वर करतो. सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून मिळणारे आयुष्मान भारतचे पाच लाखही रुग्णालयातल्या उपचारांपुरतेच. मग नर्सिंग ब्यूरोच्या चोवीस तासांच्या बाईचे पैसे मुलगा दर महिन्याला इथून धाडतो. बाई सुट्टीवर गेली की राबते ती गावातली बहीण किंवा भावजय. तिचा हिशेब कुणी मांडत नाही. आई-वडिलांना इकडे आणावे, तर व्हिसा एकेका वर्षाचा.

जर्मनीने १९९५ मध्ये, जपानने २००० मध्ये अशा शुश्रूषेचा विमा सक्तीचा केला. अमेरिकेने २००२ मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी ऐच्छिक योजना आणली. कर्मचाऱ्याच्या आई-वडिलांना आणि सासू-सासऱ्यांनाही ती खुली होती. मला फार आवडलेली योजना. पण हप्त्यांचे गणित चुकले. २०१६ मध्ये हप्ते सरासरी ८३ टक्क्यांनी वाढले, डिसेंबर २०२२ पासून नवे अर्ज घेणेच थांबले. ऐच्छिक विम्यात गरज दिसू लागलेलेच पुढे येतात, तिशीतले फिरकत नाहीत. आपण शुश्रूषेसाठी गट विमा मागणार असू, तर तिशीतल्यांना आधी आत घ्यावे लागेल.

दुबई सरकारने २०२२ मध्ये परदेशी कर्मचाऱ्यांच्या सेवासमाप्तीच्या रकमेसाठी गुंतवणुकीची बचत योजना सुरू केली. दुबई सरकारच्या सेवेतले आपले लोक समोर बसले आहेत. त्यांनी या पैशातला काही वाटा शुश्रूषेसाठी राखायचा का, यावर दुपारच्या सत्रात बोलावे.

जेवण करून पळू नका. आणि विम्याचे प्रतिनिधी भेटतील तेव्हा दहा वर्षांनी हप्ता किती वाढू शकतो, हे लेखी मागा.